‘प्राध्यापकी खेळ’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रोव्हेनन्सवरच्या, म्हणजे डेटाबेसने दिलेल्या उत्तरातली ओळ कुठून आणि का आली यावरच्या, माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक डीबीए’ (डेटाबेस सांभाळणारा माणूस) अशी सही असलेली प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं: लेखातल्या एका बहुपदीत गुणक चुकला आहे. क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) उत्तरातली ओळ कुठून आली हे कळायला ऑडिट टेबल आणि लॉग, म्हणजे काय कधी झालं याच्या नोंदी, पुरतात. मोठ्या टेबलांवर आणि रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा वापरणाऱ्या) क्वेरीवर ही बहुपदी हाताबाहेर जाते. ओळ उत्तरात का आहे हे मी लेखात वादी-प्रतिवादीच्या खेळासारखं मांडलं होतं: एक म्हणतो ती आहे, दुसरा ते खोडायला बघतो. त्यावर शेवटी हे वाक्य: “ताई, वादी-प्रतिवादी वगैरे हा प्राध्यापकी खेळ आहे, कधी प्रोडक्शन डेटाबेसला हात लावला असतात तर हे लिहिलं नसतंत.”

आधी गुणकाचं बघू. तुमचं बरोबर आहे, चूक माझीच. टॉड ग्रीन, ग्रिगोरिस कार्वुनाराकिस आणि व्हॅल टॅनन या संशोधकांच्या 2007 च्या निबंधातलं तीन ओळींचं टेबल मी घेतलं होतं. ओळींना नावं प, र आणि स. एका वाटेवर एकत्र वापरलेल्या ओळींचा गुणाकार करायचा आणि वेगवेगळ्या वाटांची बेरीज, की उत्तरातल्या ओळीची बहुपदी मिळते. उत्तरातल्या एका ओळीची बहुपदी 2र² + रस अशी हवी होती, मी र² + रस लिहिलं. हा 2 महत्त्वाचा आहे, कारण ती ओळ तीन वाटांनी तयार होते: दोन वाटांवर र दोनदा वापरली जाते, तिसरीवर र आणि स एकेकदा. सगळ्या अक्षरांच्या जागी 1 घातला की 3 यायला हवेत, माझ्या चुकीने 2 येत होते. स खोडली तर 2र² उरतं, म्हणजे ओळ उत्तरात राहते. र खोडली तर सगळंच शून्य. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आणि ते मनापासून.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. गुणक कुणाचाही चुकतो, पण ते वाक्य चुकून लिहिलेलं नाही. ‘ताई’ला माझी हरकत नाही, कामाच्या ठिकाणी अर्धी माणसं मला ताईच म्हणतात. पण तुमच्या ‘ताई’मध्ये मान नव्हता. पुढचं बोलणं मऊ दिसावं म्हणून तो शब्द पुढे केला होता आणि पुढचं बोलणं उर्मट होतं. मी कुठे काम केलं, काय केलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, सरळ ठरवून टाकलंत. माझ्या जागी एखादा ‘दादा’ असता तर हेच वाक्य असंच लिहिलं असतंत का, हे तुमचं तुम्ही बघा.

मी सतरा वर्षं डेटाबेसवर काम करते आहे. त्यातली नऊ वर्षं रात्रीचे फोन मी घेतले आहेत. बॅकअप परत चढवताना पहाटे चार वाजता हात कसे थरथरतात ते मला माहीत आहे. हे इथे लिहायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, कारण मुद्दा बरोबर की चूक हे माणसाच्या नोकरीवरून ठरू नये. पण तुम्ही नोकरीच काढलीत, तर एक प्रसंग सांगते. खेळाच्या या मांडणीकडे मी वळले ती त्याच्यामुळे.

एका संस्थेसाठी आम्ही मुलींच्या शिष्यवृत्तीची यादी काढत होतो. अर्जांचं एक टेबल, बाद झालेल्या अर्जांचं दुसरं. क्वेरी साधी: ज्या अर्जाचा क्रमांक त्याच तालुक्याच्या बाद अर्जांत नाही तो यादीत घ्या. ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नाही’ ही अट, लावून लिहिलेली. यादी लागली आणि दोन दिवसांनी एका मुलीचे वडील ऑफिसात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पावती, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, सगळं घडी घालून ठेवलेलं. ते भांडले नाहीत. “नाव का नाही, एवढंच सांगा,” म्हणाले. आम्हाला सांगता येईना. मग दिसलं की त्या तालुक्यातल्या एकाही मुलीचं नाव यादीत नाही.

लॉग होता. तुम्ही म्हणता तसं ऑडिट टेबलही होतं, प्रत्येक बदल वेळेसकट नोंदवलेला. लॉग सांगत होता: क्वेरी चालली, एरर नाही, ओळी आल्या. जी ओळ आलीच नाही तिची नोंद लॉग कुठून ठेवणार? तीन दिवसांनी सापडलं. बाद टेबलात त्या तालुक्याची एक ओळ अशी होती जिच्यात अर्ज क्रमांकाची जागा रिकामी, नल. नलशी तुलना केली की एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) ‘खरं’ही म्हणत नाही आणि ‘खोटं’ही म्हणत नाही. मग ‘या यादीत नाही’ ही अट त्या तालुक्यातल्या कुठल्याच मुलीसाठी खरी ठरली नाही आणि सगळ्या गळल्या. एका रिकाम्या खान्यापायी.

आता हेच वादी-प्रतिवादीत मांडा. वादी म्हणतो, ही मुलगी यादीत आहे. त्यासाठी दोन गोष्टी टिकल्या पाहिजेत: तिचा अर्ज आहे, आणि तो बाद यादीत नाही. प्रतिवादी यातली कुठलीही एक निवडून तिच्यावर हल्ला करू शकतो. समजा त्याने दुसरी निवडली. इथे ‘नाही’ आलं की भूमिका उलटतात: ‘ती बाद आहे’ हे आता प्रतिवादीला सिद्ध करायचं आहे, म्हणजे तिचा क्रमांक असलेल्या ओळीवर त्याला बोट ठेवावं लागतं. अशी ओळच नाही. तो हरतो. खेळात मुलगी यादीत आहे, डेटाबेसच्या उत्तरात नाही. मग फरक कुठे पडला, एवढंच शोधायचं उरतं, आणि ते नेमकं प्रतिवादीने जिथे बोट ठेवायला हवं होतं तिथेच सापडतं. नलची तिसरी किंमत या खेळात वेगळी बसवावी लागते हे मी लेखात लिहायला हवं होतं, तेही मान्य. पण त्या वडिलांच्या प्रश्नाला या वाटेने उत्तर मिळतं, लॉगने मिळत नाही.

आणि ही नुसती उपमा नाही. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण ‘खेळ’ हा शब्द तुम्ही हिणवायला वापरलात. याको हिंटिक्का या फिनिश तर्कशास्त्रज्ञाने विधानाचा खरेपणा असाच मांडला: ‘असा कुणीतरी आहे’ असेल तर विधान सिद्ध करणारा निवडतो, ‘सगळे असे आहेत’ असेल तर खोडून काढणारा निवडतो, ‘नाही’ आलं की दोघे जागा बदलतात. 2013 मध्ये स्वेन केलर, बर्ट्राम लुडेशर आणि डॅनिएल झिन यांनी क्वेरीचं मूल्यमापनच एका खेळात रूपांतरित केलं, आणि त्या खेळाचा नियम एका ओळीचा आहे: मी जिंकणाऱ्या जागी आहे, जर अशी एक चाल असेल जी समोरच्याला न जिंकणाऱ्या जागी नेते.

हे खड्यांवर करून बघा. चार खडे, आळीपाळीने एक किंवा दोन उचलायचे, ज्याला उचलायला खडा उरत नाही तो हरला. शून्य खडे ही हरण्याची जागा. एक आणि दोन जिंकण्याच्या. तीनवरून कुठेही गेलात तरी समोरच्याला एक किंवा दोन मिळतात, म्हणून तीन हरण्याची. चार जिंकण्याची, कारण एक उचलून समोरच्याला तीनवर ठेवता येतं. आता विचारा, चार का जिंकते? दोन उचलण्याची चालही नियमात बसते, पण ती वाईट चाल आहे, ती समोरच्याला जिंकण्याच्या जागी नेते. ‘का’च्या उत्तरात ती येत नाही. उलट तीनवरून समोरच्याच्या दोन्ही चाली उत्तरात घ्याव्याच लागतात, कारण दोन्हींना तोड द्यायची असते. चाल शक्य असणं वेगळं आणि ती कारण असणं वेगळं. लॉगमध्ये हा भेद नसतो, खेळात तो आपोआप पडतो. ज्या क्वेरीत नकार नाही तिथे या खेळातून निघणारं उत्तर म्हणजे तीच 2007 ची बहुपदी. आणि नकार असेल तिथे, जिथे ती बहुपदी थांबते, तिथेही खेळ चालू राहतो. एरिक ग्रेडेल आणि टॅनन यांनी पुढे नकारासाठी वेगळी अक्षरंही आणली, म्हणजे ‘ही ओळ टेबलात नाही’ यालाही स्वतःचं नाव मिळालं. ज्या माणसाची मुलगी यादीत नाही, त्याच्यासाठी हे नाव फार मोठी गोष्ट आहे. याला प्राध्यापकी म्हणायचं असेल तर म्हणा. प्राध्यापक असणं ही शिवी कधीपासून झाली?

आकाराचा मुद्दा राहिला. बहुपदी सरळ पसरून लिहिली तर फुगते, खरं आहे. म्हणून ती पसरून लिहीत नाहीत, सर्किटसारखी साठवतात, म्हणजे सामायिक भाग एकदाच. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी हे करणारं प्रोव्हएसक्यूएल नावाचं एक्स्टेन्शन (जोडून घ्यायचा भाग) आहे, बसवून बघा. यावर आत्ता जास्त लिहीत नाही.

तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. वर सांगितलेली दोन टेबलं पाच-सहा ओळींची करा, एका बाद अर्जाचा क्रमांक नल ठेवा, तालुका घाला. मग फक्त तुमचं ऑडिट टेबल आणि लॉग वापरून त्या वडिलांना द्यायचं उत्तर एका परिच्छेदात लिहा. जसंच्या तसं इथे छापेन, खाली तुमचं नाव घालून. या वेळी नाव मात्र लिहा.