तिकडं बसून सांगायला काय जातंय?

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून जर्मनीत असूनही मी त्या ग्रुपात. राहतात तिथे माझे वडील, एकटे.

मे महिन्यात बी विंगमधले एक काका जिन्यात कोसळले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी नाकाशी कांदा धरला, दोघांनी तळपाय चोळले. घरघर ऐकू येत होती, म्हणजे श्वास चालू आहे, असं समजून सगळे रिक्षाची वाट बघत राहिले. दवाखान्यात पोचायच्या आतच ते गेले होते. आता पहिल्या मजल्यावरच्या, नर्सिंग केलेल्या एका सुनेनं ग्रुपवर विचारलं, की एखाद्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सगळ्यांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं, आणि प्रथमोपचार शिकवू का? दोन तास, फुकट. त्यावर सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं : "आधी लिफ्ट दुरुस्त करू, मग ही परदेशी थेरं. ते डॉक्टरचं काम आहे. उद्या कुणाची बरगडी मोडली, माणूस गेला, तर पोलिसात कोण जाणार?" पाठोपाठ अकरा अंगठे.

मी चार ओळी लिहिल्या. लगेच उत्तर : "पोरी, तिकडं बसून सांगायला काय जातंय? हितं राहतो आम्ही."

राग आला. अजून आहे.

ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो, घशातून आवाज येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, आहे अजून जीव, थांबू या. थांबायचं नाही, हीच तर वेळ असते. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पाहिलं की एकानं 108 ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायला लागायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलं की दुसऱ्यानं घ्यायचं. तोंडाला तोंड लावायची लाज वाटत असेल तर नका लावू, नुसतं दाबलं तरी चालतं. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. बी विंगच्या जिन्यात त्या दिवशी चार हात तळपायांवर होते. ते छातीवर हवे होते. सोलापूरकराला मदतीला धावायचं शिकवावं लागत नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत निघालेल्यांना वाटेवर चहा-फराळ देणारी, अनोळखी माणसाचे पाय चेपणारी हीच माणसं. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आणि डॉक्टरचं काम? छाती बाहेरून दाबून हृदय चालू ठेवता येतं, हे 1960 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिघांनी मांडलं. त्यातला एक सर्जन होता, बाकीचे दोघे इंजिनिअर. यासाठी फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी त्या लेखातच लिहून ठेवलंय. शिकण्यासाठी जी बाहुली जगभर वापरतात ती नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी करणाऱ्या माणसानं बनवली.

मी शिकले ते स्टुटगार्टजवळ, एका शनिवारी. भारतातलं लायसन इथं सहा महिन्यांपुरतंच चाललं, त्यानंतर फारश्युलेच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या, फाइलीत डोळ्यांच्या तपासणीच्या कागदासोबत प्रथमोपचाराचाही कागद लावावा लागला. 45 मिनिटांचे नऊ तास. वर्गात मी सोडून सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे एका मुलानं माझ्यावरच करून दाखवलं. गाडीत फर्बांडकास्टेन, म्हणजे प्रथमोपचाराची पेटी, नसली तर गाडी तपासणारा टीयूव्हीवाला नोंद करतो. समोर माणूस पडलाय आणि मदत करता येत असूनही तुम्ही केली नाही, तर इथं वर्षभरापर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी हा कोर्स तरुणपणी केलाय. विसरल्याही असतील पुष्कळ. पण 'हे आपलं काम नाही' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

'परदेशी थेरं' हा शब्द मात्र मला जास्त लागला. माझे आजोबा गिरणीत मागावर होते. दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी, हे आपल्याच 1948 च्या कारखाना कायद्यात होतं. भोंग्यावर चालणाऱ्या आपल्या गावात ही गोष्ट नवी कशी? शाळेत स्काउट-गाइडला आम्ही तिकोनी पट्टी बांधायला शिकलोच की. आणि ज्या गावचा मुलगा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, 1938 साली चीनमधल्या जखमींसाठी गेला आणि 1942 साली तिथेच वारला, ज्याच्या घराचं आपण स्मारक केलंय, त्या गावानं पडलेल्या शेजाऱ्याला हात लावायचा की नाही यावर आठवडाभर वाद घालावा?

पोलिसांचं म्हणाल, तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली तसे निर्देश पक्के केले, आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. जिन्यात पडलेल्या आपल्याच शेजाऱ्यासाठी ही भीती कुठून काढली? बरगडी मोडते, खरं आहे, वयस्क माणसांत तर बऱ्याचदा मोडते. बरगडी जुळते हो.

राहिला शेवटचा मुद्दा, आधी लिफ्ट, आधी रस्ते, आधी ॲम्ब्युलन्स वेळेवर येऊ द्या. हाच मला सगळ्यात उलटा वाटतो. इथं फोन उचलणारा माणूस दाबायचं कसं ते फोनवरच मोजून सांगतो, रस्त्यावरच्या गाड्या बाजूला होऊन मधून वाट देतात, तरीही गाडी तीन मिनिटांत दारात उभी राहत नाही. जिथं गाडीला उशीर होणार आणि लिफ्ट बंद असणार, तिथं शेजाऱ्याला हे आलंच पाहिजे. ॲम्ब्युलन्स सुधारायला मागण्या करा, निवेदनं द्या, मी सही करते. पण ती येईपर्यंतची मिनिटं कुणाच्या ताब्यात आहेत?

आपल्या उन्हाचंही तेच. पारा 43-44 वर गेला की सोलापुरात माणसं भोवळ येऊन पडतात आणि आपण शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओततो. ते श्वासनळीत जातं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाखाली धरा. फिट आली तर चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. एका दुपारी शिकून होतं हे.

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आले होते. नंदीध्वजांची मिरवणूक बघून घरी आलो आणि मी हॉलमध्ये लोड टाकून अप्पांना शिकवायला बसले. त्यांनी गुडघे दुखत असूनही खाली बसून तीसपर्यंत मोजत दाबलं. मग हात पुसत म्हणाले, "मला शिकवून काय करतीस? मी एकटाच असतो हितं. मला झालं तर मी माझी छाती दाबणार का? शेजाऱ्याला शिकव."

तेव्हापासून ते वाक्य माझ्याबरोबर आहे. ग्रुपवर मी नागरिकांच्या कर्तव्याबद्दल लिहिलं, आकडे दिले, कायदे दिले. सगळं खरं आहे, शब्दन् शब्द. पण हा कोर्स मी लायसनसाठी केला होता, समाजासाठी नव्हे. आणि आज मी हट्ट धरून बसले आहे तो माझ्या वडिलांसाठी. माझ्या हातांना येतं ते. इथल्या एस-बान लोकलमध्ये समोर बसलेल्या, नावही माहीत नसलेल्या माणसाला मी वाचवू शकेन. अप्पांना नाही. ज्या लेकीनं तिथं असायला हवं होतं ती इथं आहे, आणि तिचं काम ती तिथल्या माणसांना करायला सांगते आहे. "हितं राहतो आम्ही" याला माझ्याकडे उत्तर नाही. पंधरा वर्षांत मी सोलापूरला आपलं गाव म्हणायचं सोडलं नाही, पण रात्री दोन वाजता जिना उतरून येणारी मी नाही.

काल रात्री सेक्रेटरी काकांना ग्रुपवर नाही, वेगळा फोन केला. भांडायला नाही. म्हटलं, "काका, त्या रविवारी तुम्ही एकटे बसलात तरी चालेल. बाकीच्यांचं राहू दे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अप्पांचं बीपी कसं आहे?"

त्यांचा फ्लॅट आमच्या दाराच्या अगदी समोर आहे. अप्पांच्या दाराची दुसरी किल्ली चार वर्षांपासून त्यांच्याच घरात, देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.