मास्तरकी बेसवाल्याला द्या

आमच्या खानापूर तालुक्यातल्या बँडला नवा मास्तर नेमायचाय. नावं निघतायत ती सगळी कॉर्नेट आणि क्लॅरोनेटवाल्यांची, म्हणजे गाण्याची धून वाजवणाऱ्यांची. माझं मत उघड सांगतो, बेसवाल्याला मास्तर करा.

बेस म्हणजे ट्युबा, बँडमधलं सगळ्यांत खालच्या सुराचं मोठं पितळी वाद्य. अंगाभोवती वेढा घालून खांद्यावर घ्यायचा तो सोसाफोन, पण आमच्याकडे दोन्ही बेसच. माझे तात्या वीस वर्षं तो वाजवायचे. लग्नसराई संपेपर्यंत डाव्या खांद्यावर काळा वळ उठलेला असायचा, आई रात्री तेल चोळायची.

एकदा बेळगावात गणपतीला कपिलेश्वर तलावाकडे जाताना मागून डीजे आला. कॉर्नेटवाल्याला स्वतःचंच ऐकू येईना, त्याची लय पळत सुटली. ढोल गोंधळला. तात्यांनी गाण्यातली आपली ओळ सोडली आणि नुसते सा आणि पंचम धरले, पावलागणिक एक. थोड्याच पावलांत ढोल त्यांच्या लयीवर आला, चौक येईपर्यंत सगळा बँड. मास्तर पुढं तोंड करून चाललेले, त्यांना मागं काय झालं ते कळलंही नाही.

त्या मास्तरांनी मास्तरकी सोडली तेव्हा तात्यांचं नाव निघालं. "तात्या, मास्तर लोकांस्नी दिसायला पाहिजे की," एवढंच उत्तर. तात्या काही बोलले नाहीत. मला त्याचा राग अजून आहे.

बेसला सूर थोडे, म्हणून कान मोकळे. सगळ्यांच्या पाठी त्याच्यासमोर, कोण दमलाय, कोणाचा श्वास तुटतोय, त्याला आधी कळतं. त्याचा सूर उतरला तर अख्खा बँड बेसूर. आपल्या भजनात पखवाजवाला नुसत्या नजरेनं मंडळ फिरवतो, तिथं कुणी विचारत नाही की हा अभंग का गात नाही!

आणि हे जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा रिबर्थ ब्रास बँड १९८३ साली उभा राहिला, उभा करणाऱ्यांत फिलिप फ्रेझर, वाद्य सोसाफोन. त्यांना २०१२ मध्ये ग्रॅमी मिळाला. कॅनेडियन ब्रास हा पितळी वाद्यांचा ताफा १९७० मध्ये काढणाऱ्या दोघांतले चक डेलनबाख ट्युबावालेच.

इशारा कसा देणार, हात तर गुंतलेले, असं विचारतात. वाजवूनच देणार. तिकडं न्यू ऑर्लिन्सला पुष्कळ गाणी बेसच्या ओळीनंच उठतात.

रविवारी देवळात बैठक आहे. आमचा आताचा बेसवाला स्वतःहून बोलणार नाही, तात्यांसारखाच आहे. त्याचं नाव मी सुचवणार आहे. ज्यांनी त्याच्या पुढं चालून वाजवलंय त्यांनी यावं.