तत्त्वनिष्ठ व्हायचंय? या, सांगतो

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत, डोकं शांत ठेवायचं असेल तर ते वापरूच नका. एक नियम धरा, तो सगळ्यांना सारखा लावा आणि कूलरसमोर बसा.

आधी एक प्रश्न पाठ करा : “उद्या सगळ्यांनीच असं केलं तर?” प्रश्न भारदस्त आहे. सगळ्यांचा नियम व्हावा असं तुम्हाला म्हणता येईल तसंच वागा, असं जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७८५ मध्ये मांडलं. तुम्ही ते वाचायची गरज नाही. फ्लॅट स्कीमचे सेक्रेटरी कुठे वाचतात?

दोन कर्तव्यं आपसात भांडू लागली तर कमी मेहनतीचं निवडा.

सत्य बोला, परिणाम बघू नका. मित्राच्या मागावरचा खुनी दारात येऊन विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही, हेही कांटचंच, १७९७ चं. आपल्या कर्णपर्वातला कौशिक तपस्वी तसाच. लपलेली माणसं कुठे गेली ते त्यानं लुटारूंना खरंखरं सांगितलं, आणि ती मारली गेली. त्या सत्यापायी तो नरकात गेला, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. तेवढं गाळून वाचा.

नियम मांडायचा कसा, हे मात्र नीट शिका. “बाहेरचा ऑटो गेटच्या आत नको” हा नियम सगळ्यांना लावता येतो. “चालता न येणाऱ्याला घेऊन आलेला ऑटो दारापर्यंत सोडा” हाही सगळ्यांना लावता येतो. तुम्ही पहिला निवडायचा आणि वर म्हणायचं, मी कुठे ठरवलं? परवा आमच्याकडे हेच झालं. आत्या अजनी स्टेशनवरून आली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, भर दुपार. चौकीदार बिचारा गेट उघडायला निघाला, तर गॅलरीतून सेक्रेटरींचा आवाज : “नाही ना जी! आज तुमच्या आत्याबाईंसाठी सोडलं, उद्या सगळेच ऑटो आत घालतील.” घालू द्या ना! साऱ्या नागपूरच्या आत्या काय एकाच दुपारी गुडघे कापून येणार आहेत? आणि आल्याच, तर त्यांनाही सोडा! डोक्याला दुपट्टा बांधून ती शेवटच्या विंगपर्यंत भिंत धरत गेली. संध्याकाळी सेक्रेटरींच्या जावईबापूंची मोटार थेट लिफ्टपाशी. तेव्हा उद्याची काळजी कोणालाच नव्हती. आपल्यापुरता अपवाद काढू नका, हेच तर कांट घसा फोडून सांगत होता.

अहो साहेब, तो नियम अंगणात खेळणारी पोरं गाडीखाली येऊ नयेत म्हणून केला होता. भर उन्हात अंगणात पोरगं तरी होतं का एक? गरजूला मदत करणं हेही कर्तव्यच, असं तोच कांट म्हणतो. ते कोणत्या मीटिंगमध्ये नामंजूर केलंत? म्हातारी बाई धापा टाकताना वरून बघत उभे राहिलात. लाज नाही वाटली? ऑटो नसता सोडला तर नसता सोडला, खाली उतरून ग्लासभर पाणी द्यायला कोणता नियम आडवा आला होता?