मांडुळाला कोटींची किंमत? मग गिऱ्हाईक दाखवा

पाऊस पडून रानातली ढेकळं मऊ झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. सोबत तपकिरी, जाडजूड, दोन्ही टोकांनी बोथट अशा मांडूळ सापाचा फोटो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच राहतात. हा दुतोंड्या सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या. माती खाऊन जगतो. चाटला तर अंगावर कोड उठतं. त्याच्यापासून कॅन्सर आणि एड्सचं औषध बनतं, म्हणून अडीच किलोच्या वरच्या मांडुळाला परदेशी कंपन्या कोटी मोजतात. पूजेला बसवलं तर पैशांचा पाऊस पडतो. शेवटची ओळ ठरलेली: ‘बिनविषारी आहे, बिनधास्त पकडा, दिसल्यास कळवा.’

एकेक मुद्दा घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची मात्र गरज नाही.

दोन तोंडांची गोष्ट खोटी असली तरी ती का रुजली हे समजण्यासारखं आहे. मांडुळाची शेपटी टोकदार नसते, डोक्याइतकीच जाड आणि गोलसर असते. डोळे बारीक, मान वेगळी दिसत नाही. संकट आलं की ते अंगाचं वेटोळं करतं, डोकं वेटोळ्याखाली दडवतं आणि शेपटी जराशी वर उचलून हलवतं. मुंगूस किंवा शिकारी पक्षी त्या शेपटीलाच डोकं समजून चावा घेतो. शेपटीवरची जखम भरून येते, डोकं वाचतं. अनेक मांडुळांच्या शेपटीवर जुने व्रण असतात ते यामुळेच. शिवाय पूर्वी गारुडी शेपटीवर डोळे-तोंड रंगवायचे, कधी तापल्या सळईने डागायचे, आणि लोकांना ‘दुसरं तोंड’ दाखवायचे.

दोन डोकी असलेले साप जन्मतात, नाही असं नाही. पण ती दोन्ही डोकी एकाच बाजूला, शेजारी-शेजारी असतात. गर्भाची जुळ्यांमध्ये विभागणी अर्धवट राहिली की असं होतं. विरुद्ध टोकांना दोन तोंडं असणं सापाच्या शरीररचनेत बसतच नाही. अन्ननलिका, जठर, आतडं अशी सरळ एका दिशेने गेलेली वाट शेपटीच्या अलीकडे असलेल्या अवस्करापाशी, म्हणजे विष्ठा बाहेर पडण्याच्या छिद्रापाशी संपते. मग दुसऱ्या तोंडाने खाल्लेलं जाणार कुठे? सहा महिन्यांनी हा सगळा मार्ग उलटा कोण फिरवतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

खरं नवल त्या टोकाकडे आहेच. अवस्कराच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः नराला, नखासारखे दोन छोटे काटे असतात. ते मागच्या पायांचे अवशेष. अजगरालाही असतात. सापांचा वंश पाय असलेल्या सरड्यांसारख्या पूर्वजांपासून आला. अर्जेंटिनात सापडलेल्या नजाश नावाच्या, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापाला तर मागचे पाय होतेच. बोथट शेपटी हीही एकट्या मांडुळाची मिरास नाही. सह्याद्रीत पालापाचोळ्याखाली, मातीत राहणारे खापरखवले साप पाहा. मांडुळाशी त्यांचं जवळचं नातं नाही, तरी त्यांचीही शेपटी आखूड आणि बोथट, कारण दोघेही मातीतच राहणारे. दुतोंड्याच्या चमत्कारापेक्षा मला हे कितीतरी चमत्कारिक वाटतं, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

माती खाण्याबद्दल: मांडूळ मातीत राहतं, ती खात नाही. त्याचा मुख्य आहार उंदीर. बिळात शिरून उंदीर पकडायचा, विळखा आवळून मारायचा आणि गिळायचा. भुसभुशीत जमिनीच्या कोरड्या पट्ट्यात, माळरानांच्या कडेच्या शेतांत ते सापडतं ते यासाठीच. कोडाबद्दल: कोड त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्याने येतं, सापाच्या जिभेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. शिवाय साप चाटत नाही. जीभ बाहेर काढून तो हवेतला वास गोळा करतो.

आता औषध आणि कोटींचा भाव. खरं नुकसान इथे होतं. ‘अंधश्रद्धा असेल, पण एवढे लोक मांडूळ विकताना पकडले जातात, म्हणजे त्यात काहीतरी असणारच,’ असं शिकलेली माणसंही म्हणतात.

सापापासून औषध बनल्याचं एक पक्कं उदाहरण आहे. रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषावरच्या संशोधनातून निघालं. पण ते विषातून निघालं, आणि मांडुळाला विषच नाही. दुसरं, एकदा रेणूची रचना कळल्यावर कॅप्टोप्रिल कारखान्यात बनू लागलं, गोळी बनवायला साप लागत नाही. सर्पदंशावरच्या लसीसाठी विष लागतं, ते तमिळनाडूतली इरुळा सापवाल्यांची सहकारी संस्था परवान्याने काढते आणि साप परत सोडते. तिथेही नाग, मण्यार, घोणस, फुरसे लागतात. मांडूळ कुणी मागत नाही.

बरं, कंपनीला मांडूळ हवंच असतं तर तिने वजनाची अट का घातली असती? औषधी द्रव्य असेल तर ते अर्धा किलोच्या सापातही असेल, कमी असेल एवढंच. अट कशासाठी आहे ते व्यवहार पाहिला की कळतं. पूर्ण वाढलेलं मांडूळ साधारण दोन-तीन फुटांचं. अडीच-तीन किलोचं मांडूळ मिळणं फार कठीण. म्हणजे माल सहसा ‘पास’ होत नाही. ‘पार्टी तयार आहे, फक्त वजन कमी भरलं’ असं सांगून दलाल पुढच्या दलालाकडे जातो, आणि मधल्या मध्ये टोकन, गाडीखर्च, लॉजचं भाडं असे पैसे फिरतात. वजन वाढवण्यासाठी सापाच्या तोंडात धातूच्या गोळ्या कोंबल्याचे प्रकारही उघडकीला आलेत. असा साप वाचत नाही.

वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी–इंडियाने २०१६ ते २०२१ या काळातल्या जप्तीच्या बातम्या गोळा केल्या, तेव्हा देशभरातल्या १७२ घटना निघाल्या. त्यातल्या सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या. अशा बातम्या वाचताना एक गोष्ट शोधा: विकणारा सापडतो, दलाल सापडतो, गिऱ्हाईक म्हणून येतो तो बहुतेक वेळा साध्या वेशातला पोलीस किंवा वनविभागाचा माणूस. औषध बनवणारी कंपनी कुठल्याच बातमीत नसते. विकणारे शंभर आहेत म्हणून माल मोलाचा ठरत नाही. विकत घेऊन वापरणारा एक तरी दाखवावा लागतो.

पैशांच्या पावसाला एवढी जागा नको. ज्याच्याकडे पाऊस पाडणारं मांडूळ आहे तो ते विकायला का निघालाय, एवढंच विचारा. चमत्काराचा दावा करून लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

‘बिनविषारी आहे, बिनधास्त पकडा’ हा शेवटचा मुद्दा सर्वांत घातक. अर्धं वाक्य खरं आहे, मांडूळ बिनविषारी आहेच. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं, बाळगणं, विकणं या सगळ्यासाठी तुरुंगात जावं लागतं. आणि मांडूळ अंडी घालत नाही, मोजकी पिल्लं देतं. गावातल्या मोठ्या माद्या वेचून नेल्या की उंदीर खाणाऱ्या तिथल्या मांडुळांची संख्या लवकर भरून निघत नाही. वजनाच्या अटीमुळे नेमक्या मोठ्या माद्याच आधी जातात. जप्त झालेलं मांडूळ कायद्याच्या भाषेत ‘मुद्देमाल’ होतं. ते कुठल्या शिवारातून आणलं हे पकडलेला माणूस सहसा सांगत नाही, मग ते परत त्याच जागी जाईल याची खात्री राहत नाही.

दुसरा धोका माणसाला. मांडुळाचा जवळचा नातेवाईक दुरक्या घोणस, तोही बिनविषारी, पण अंगावर वेड्यावाकड्या ठिपक्यांमुळे खऱ्या, विषारी घोणशीसारखा दिसतो. त्याला घोणस समजून मारतात, आणि उलट घोणशीला दुरक्या किंवा अजगराचं पिल्लू समजून हातात घेतात. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या बदामी ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. या खुणा लांबून पाहायच्या आहेत. विहीर खणताना किंवा जेसीबीच्या बकेटमध्ये जाडजूड साप दिसला तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. मेसेजमधल्या नंबरवर नको.