मामाकडचा पेंग्विन

नातेवाइकांत माझी ओळख करून देताना आवाज जरा खाली येतो. "तसा माणूस चांगला आहे. नोकरी आहे, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त तो लिनक्स वापरतो." ऐकणाऱ्याला लिनक्स म्हणजे काय (विंडोजच्या जागी काँप्युटर चालवणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) ते माहीत नसतं, पण सांगणाऱ्याच्या सुरावरून प्रकरणाचा अंदाज येतो आणि तो माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतो.

सुरुवात मुंबईत, काँप्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला झाली. काँप्युटर जोडून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो, त्याचे पैसे नकोत." मी विचारलं, "चोरीचं आहे का?" गल्ल्यावर बसलेले त्याचे वडीलही चष्मा वर करून माझ्याकडे बघायला लागले. मी तत्त्वाचा माणूस. काँप्युटर कोरा घरी आणला आणि त्यावर लिनक्स टाकलं. बँकेची कामं, पत्रं, सिनेमे, इतकंच काय प्रिंटरसुद्धा (प्रिंटर!) सुरळीत चालू लागला. माणसाने इथे थांबायला हवं होतं. मला गेम खेळायची हुक्की आली.

लिनक्सला गेम नाहीत असं म्हणणारे लोक खोटं बोलतात. ढिगाने आहेत आणि फुकट आहेत. 'झीरो एडी' आहे, त्यात मौर्यांचे हत्ती घेऊन रोमनांवर चालून जाता येतं. 'बॅटल फॉर वेसनॉथ' 2003 पासून चालू आहे. 1987 सालचा 'नेटहॅक' आहे, त्यात चित्रं नसतात, अक्षरं असतात. कॅपिटल डी दिसला तर तो ड्रॅगन, स्मॉल डी दिसला तर कोल्हा किंवा कुत्रा. घाईत अक्षर चुकीचं वाचलं की माणूस मेला. मला हे सगळं पुरत होतं. मग दहावीची परीक्षा संपवून नाशिकहून भाचा राहायला आला.

"मामा, व्हॅलोरंट आहे?"

"नाही, पण याच्यापेक्षा भारी आहे," असं म्हणून मी त्याला 'सुपरटक्सकार्ट' लावून दिला. तो थोडा वेळ गाडी चालवत राहिला.

"मामा, हा पेंग्विन का गाडी चालवतोय?"

"तो टक्स. लिनक्सचं बोधचिन्ह आहे."

"आणि शेजारून गेला तो?"

"तो हत्ती बहुतेक पीएचपीचा. प्रोग्रॅमिंगची भाषा आहे."

"छान आहे," तो म्हणाला. पोरावर संस्कार चांगले आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामीला "इथे जवळ सायबर कॅफे आहे का गं?" असं विचारताना मी ऐकलं, आणि घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न उभा राहिला.

मी विकत घेतलेले गेम बाहेर काढायचं ठरवलं. गेम घेताना माझा एक कडक नियम असे: खास लिनक्ससाठी केलेलं पोर्ट, म्हणजे लिनक्सवर चालेल अशी आवृत्ती, असेल तरच पैसे मोजायचे. यामागे मोठा इतिहास आहे आणि भाच्याने न विचारता मी तो त्याला सांगितला. 1998 साली कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गेम घ्यायचे, लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, एवढाच तिचा धंदा. 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' आणला, 'क्वेक थ्री' आणला आणि जानेवारी 2002 मध्ये कुलूप लावलं. का? एक कारण असं सांगतात, की पोर्ट येईपर्यंत उतावळ्या लोकांनी तोच गेम विंडोजवर खेळून संपवलेला असे. पुढे 2010 मध्ये हंबल इंडी बंडल आलं, वाटेल तेवढे पैसे द्या आणि गेम न्या. तेव्हा सरासरी सगळ्यात जास्त पैसे लिनक्सवाल्यांनी दिले. आम्ही फुकटे नाही हे त्या दिवशी जगाला कळलं. 2013 च्या फेब्रुवारीत स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, लिनक्सवर आलं आणि...

"मामा, गेम लाव ना."

मी किल्ले बांधायचा एक गेम लावला. खिडकी उघडली, मिटली. परत लावला. उघडली, मिटली. टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, लावल्यावर कारण कळलं: अमुक नावाची, अमुक आवृत्तीची लायब्ररी (गेमला लागणारा तयार कोड) सापडत नाही. पोर्ट करणाऱ्यांनी ते दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या उबंटू नावाच्या लिनक्सवर तपासलं होतं, पैसे घेतले होते आणि ते आपापल्या कामाला लागले होते. मूळ गेमला विंडोजवर त्यानंतरही नवे नकाशे, नवे बुरूज मिळत राहिले. आमच्या तटबंदीची डागडुजी कोणी केली नाही. जुनी लायब्ररी मी कुठून तरी पैदा केली, तर ती आणखी दोन जुन्या लायब्रऱ्या मागायला लागली. त्याही दिल्या. मग गेम उघडला, पण भिंती सगळ्या गुलाबी. ज्या फोल्डरमधून भिंतींची चित्रं यायची त्याच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि गेम स्मॉल अक्षराने हाक मारत होता. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच. लिनक्स म्हणतं, अशा नावाचं इथे कोणी राहत नाही.

मी फोल्डरांची नावं बदलत बसलो आणि मध्येच चहा घ्यायला उठलो. आलो तर पोराने माझ्या जागेवर बसून गेमच्या प्रॉपर्टीज उघडल्या होत्या.

"इथे कंपॅटिबिलिटी लिहिलंय. खूण करू?"

"हात लावू नकोस," असं मी म्हणेपर्यंत त्याने खूण केली होती. स्टीमने माझं खास लिनक्ससाठी बनवलेलं, तत्त्वाने घेतलेलं पोर्ट पुसलं आणि विंडोजची आवृत्ती उतरवायला घेतली. मग 'व्हल्कन शेडर्सवर प्रक्रिया सुरू आहे' अशी पाटी आली. तेवढ्या वेळात भाच्याने पोह्यांची दुसरी बशी संपवली. मग गेम चालू झाला. भिंती दगडी होत्या, आवाज होता, नवे बुरूजही होते.

"मामा, म्हणजे लिनक्सवर लिनक्सचा गेम चालत नाही, विंडोजचा चालतो?"

"हो."

"मग विंडोजच का नाही टाकत?"

त्याच्या त्या एका खुणेने जो चालू झाला होता, त्या प्रोटॉनचं शास्त्र मी त्याला समजावून सांगायला घेतलं. 1993 पासून वाइन नावाचा प्रकल्प चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम जे जे मागतो ते ते लिनक्सकडून आणून द्यायचं आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्याचं काम. त्यावर स्टीमच्या मालकांनी, व्हॉल्वने, ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन उभा केला. गेम चित्र काढायला डायरेक्टएक्सच्या भाषेत सांगतो, मधला डीएक्सव्हीके ते व्हल्कनच्या भाषेत पुढे कळवतो. मी त्याला फोल्डर उघडून दाखवले. गावाहून आणलेल्या आजोबांना करमावं म्हणून फ्लॅटच्या गॅलरीत बाज, पितळी तांब्या आणि तुळस मांडून द्यावी, तसा प्रत्येक गेमला एक वेगळा खोटा संसार मांडून दिलेला असतो. त्यात 'ड्राइव्ह सी' असते, 'प्रोग्रॅम फाइल्स' असतं, 'विंडोज' नावाचा फोल्डरही असतो. ज्या विंडोजला मी लॅमिंग्टन रोडला उंबरठ्यावरून परत पाठवलं होतं, ते माझ्याच डिस्कवर असं फोल्डराफोल्डरातून नांदताना पाहून मला कसंसंच झालं. बायकोने डोकावून विचारलं, "मग हे फुकट मिळत होतं तेच ना?"

आता माझा नियम सुटलाच होता. कोणता गेम चालेल हे बघायला प्रोटॉनडीबी आहे. तिथे खेळणारेच गेमला दर्जा देतात: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि सगळ्यात तळाला बोर्क्ड, म्हणजे पाणी सोडा. अडचण एवढीच की अभिप्राय देणारे सगळे माझ्यासारखेच असतात. "अप्रतिम चालतो. फक्त आवाज येत नाही." "काहीही त्रास नाही. फक्त मधला व्हिडिओ लागला की गेम बंद पडतो." मी हे वाचून मान डोलावतो आणि पैसे भरतो. भाचा हे वाचून माझ्याकडे बघतो.

व्हॅलोरंट मात्र काही केल्या नाही. खेळातली लबाडी पकडणाऱ्या त्याच्या व्हॅनगार्ड नावाच्या राखणदाराला विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात, कर्नलमध्ये जागा लागते, आणि ती आमच्या खोट्या संसारात नाही. इतर दोन मोठ्या राखणदारांनी, इझी अँटी-चीट आणि बॅटलआयने, 2021 मध्ये प्रोटॉनसाठी दार केलं, पण ते उघडायचं की नाही हे गेमवाल्यांच्या मर्जीवर. 'एपेक्स लेजेंड्स'ने उघडलं होतं, 2024 मध्ये परत लावून घेतलं. कारण काय, तर लिनक्सवरून लोक लबाडी करतात. माझ्यासारखे लोक! मी या खेळांत उतरलो की निम्मा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा असतो, कारण वळायचं कुठल्या बटणाने तेच आठवत नाही. मला लबाडी करता आली असती तर मी आधी भिंतीपासून लांब गेलो असतो.

भाचा किल्ला पुरा करून नाशिकला गेला. जाताना मामीला म्हणाला, "मामाचा काँप्युटर वाईट नाहीये गं. फक्त मामाला हात लावू देऊ नकोस."

गेल्या ऑक्टोबरात भाऊजींचा फोन आला. लिनक्सच्या बाबतीत माझी जाहीर कीव करणाऱ्यांत ते पहिले. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले, आणि त्यांचा दुकानातला काँप्युटर विंडोज 11 च्या अटींत बसेना. टीपीएम का काय ती सुरक्षेची चिप त्यात नव्हती. नवा घ्यायचा तर पैसे पडणार.

"तुझं ते लिनक्स आमच्याकडे टाकून देशील का रे?" भाऊजी म्हणाले. "पैसे लागत नाहीत ना?"

"छे हो, पैसे कसले! या रविवारीच येतो."

"आणि सगळं चालतं ना त्यावर? टॅली चालतं?"

मी घसा साफ केला. "चालतं की, भाऊजी. फक्त..."

फोन स्पीकरवर असावा. मागे भाचा खो-खो हसत होता.