पोळीकडे नाही, भाऊ, माणसाकडे

नमस्कार भाऊ,

कुत्र्याच्या नजरेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दुपारी परत वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं वाक्य असं: "कुत्रा तुमच्याकडे नाही, तुमच्या हातातल्या पोळीकडे बघतो, हे न कळण्याइतक्या तुम्ही भाबड्या आहात." शिवाय लेखातला जपानी प्रयोग पाळीव कुत्र्यांवरचा आहे, तो गल्लीतल्या कुत्र्यांना लावू नये, अनोळखी कुत्र्याकडे रोखून बघितलं तर तो अंगावर येतो, हे मी लिहायला हवं होतं, आणि चपला फाडल्यावरची 'अपराधी नजर' हा माझ्या मनाचा खेळ आहे, असं तुमचं म्हणणं.

आधी शेवटचं. ते मान्य. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं की तो चेहरा चूक केल्यामुळे होत नाही, आपण रागावल्यामुळे होतो. काहीच न केलेल्या कुत्र्यावर ओरडा, तोही तसाच दिसतो. माझं वाक्य चुकलं, मी ते बदललं आहे. चूक दाखवली की मी मानते. पण दाखवायची एक रीत असते. आपल्या नागपुरात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारी उभ्या अनोळखी माणसालाही आपण 'भाऊ' म्हणतो, आणि मग काय वाद घालायचा तो घालतो. थेट अक्कल काढत नाही. तेवीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. 'भाबड्या' हा शब्द मला कधी वर्गातल्या पोरांनीसुद्धा ऐकवला नाही.

आता पोळी. 2003 मध्ये बुडापेस्टचे संशोधक आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रे घेतले आणि माणसांनी वाढवलेले लांडगे घेतले. खाऊ कसा मिळवायचा हे दोघांना शिकवलं. मग तो मिळूच नये अशी सोय केली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी मात्र थोडी खटपट केली आणि वळून माणसाच्या तोंडाकडे बघितलं. खाऊ तिथंच होता, भाऊ. तो सोडून त्यांनी माणसाकडे बघितलं. आणि 2015 चा जपानमधल्या अझाबू विद्यापीठाचा प्रयोग तर लेखातच होता: कुत्रा मालकाकडे जास्त वेळ बघत राहिला, तर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं. बाळ आणि आई यांच्यात माया जोडणारं हेच ते ऑक्सिटोसिन. लांडग्यांच्या बाबतीत असं घडलं नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का, हे मला खरंच विचारायचं आहे.

पण माझी खात्री प्रयोगांवरून झालेली नाही. बाबांना ऐन मे महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आमच्या चिमीला त्यांनी जन्मात एक तुकडा घातला नव्हता. 'घरात कुत्रं नको' हे त्यांचंच म्हणणं. पोळी आई घालायची. तरी त्या दिवसापासून चिमीनं आईच्या मागं स्वयंपाकघरात जाणं सोडलं. कूलरसमोर बाबांची खाट होती, तिच्या पट्टीवर हनुवटी टेकून बसायची. बाबांनी डोळे उघडले की तिच्या भुवयांचे आतले कोपरे वर जायचे, कपाळावर बारीक आठी पडायची आणि शेपटी फरशीवर दोनदा आपटायची. (भुवई अशी उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत जेमतेम, हे 2019 मध्ये छापून आलं, तेव्हा मला चिमीच आठवली.) आईनं कुस्करून ठेवलेल्या पोळीवर माशा बसायच्या.

आम्हा माणसांशी नजर मिळाली की बाबा तोंड भिंतीकडे करायचे. बोलता येत नाही याची त्यांना लाज वाटायची. चिमीकडे मात्र ते बघत राहायचे, कारण तिला उत्तर नको होतं. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा डावा हात पहिल्यांदा आपणहून उचलला गेला, तो तिच्या डोक्यावर गेला. मी दारात उभी होते. यात पोळी कुठं आहे, सांगा.

पाळीव आणि गल्लीतलं याबद्दल एवढंच: चिमी बडकस चौकात नालीजवळ सापडलेलं गावठी पिल्लू होती. आणि अनोळखी कुत्र्याकडे रोखून बघू नये हे आमच्या महाल भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, माझा लेख त्याबद्दल नव्हता. त्यावर मी आणखी वाद घालणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त लेखाच्या शेवटी बाबांचा आणि चिमीचा फोटो आहे, आणि त्याच्या बरोबर खाली आता 'भाबड्या' हा शब्द दिसतो. तेवढा एक शब्द तुम्ही स्वतःच बदललात तर बरं होईल.