‘ज्याचं त्याचं बरोबर’ म्हटल्याने सहिष्णुता येते का?

“प्रत्येक समाजाच्या रीती वेगळ्या. चूक-बरोबर ठरवणारे आपण कोण?” हे वाक्य हल्ली मोठ्या मनाचं लक्षण मानलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. का पटत नाही, ते आपल्याकडच्या वाळीत टाकण्याच्या प्रथेवरून सांगते.

आधी एक गुंता सोडवायला हवा. नैतिक सापेक्षतावाद या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पहिली, समाजासमाजांत नीतीच्या कल्पना वेगळ्या असतात. हे निरीक्षण आहे आणि ते खरं आहे. दुसरी, सगळ्यांना लागू होईल असं चूक-बरोबर नसतंच, जे काही बरोबर ते त्या त्या समाजापुरतं. हा दावा आहे, त्यावर वाद घालता येतो. तिसरी, म्हणून दुसऱ्यांच्या रीतीत कुणीच ढवळाढवळ करू नये. पाय घसरतो तो दुसरीवरून तिसरीवर येताना. ‘कुणीच करू नये’ हा तर सगळ्यांना लागू होणारा नियम झाला, आणि असा नियम नसतोच हे आपण आत्ताच मान्य केलं होतं. एखाद्या समाजाची रीतच शेजाऱ्यांना छळण्याची असेल, तर दुसऱ्या दाव्याप्रमाणे तो छळ त्यांच्यापुरता बरोबर ठरतो. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये हाच दोष दाखवला होता.

हा विचार मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. १९४७ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्र संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला एक निवेदन पाठवलं. मसुदा मानववंशशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्सकोविट्स यांचा होता. युरोपने आपली मूल्यं वसाहतींवर लादली, तसं पुन्हा होऊ नये ही त्यामागची कळकळ. पण जिथे राज्यकर्ते लोकांना हक्कच देत नाहीत किंवा दुबळ्यांवर चाल करून जातात तिथे काय, हा प्रश्न त्यांनाही टाळता आला नाही. त्या संस्कृतीच्या तळाशी असलेल्या मूल्यांना हाक द्यावी, असं उत्तर त्यांनी दिलं. म्हणजे वरची रीत चुकीची आणि तळातली बरोबर, हा निवाडा त्यांनीही केलाच. १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने नवं घोषणापत्र काढलं.

आता वाळीत टाकणं. गावकी किंवा जातपंचायत बसते, निर्णय होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराशी कुणी बोलत नाही. रोटीबेटी व्यवहार तुटतो. लग्नाचं आमंत्रण येत नाही, दुकानदार माल देत नाही. कोकणात शिमग्याची पालखी त्या दारात थांबत नाही. घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही. आणि खरी मेख पुढे आहे: त्यांच्याशी जो बोलेल त्यालाही दंड. त्यामुळे ज्यांना हे मनातून पटत नाही तेही गप्प बसतात. परत यायचं तर माफी आणि दंडाची रक्कम.

इथे “त्यांची रीत आहे” म्हणताना ‘त्यांची’ म्हणजे नेमकी कुणाची? वाळीत पडलेलं घरही त्याच समाजाचं आहे. त्या घरातल्या सुनेचं मत रीतीत धरलं जात नाही, पंचांचं धरलं जातं. बाहेरचा माणूस ‘आपण कोण बोलणारे’ म्हणून मागे सरतो, तेव्हा तो तटस्थ राहत नाही. तो पंचांचा शब्द अख्ख्या समाजाचा शब्द मानतो.

दलित आणि आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. १९३० च्या अहवालात गावाने दलितांवर टाकलेल्या बहिष्काराची कारणं दिली आहेत: जानवं घातलं, जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे किंवा दागिने घातले, नवरदेवाला घोड्यावरून मिरवलं. यातली प्रत्येक गोष्ट त्या त्या गावच्या रीतीप्रमाणे ‘चूक’च होती. रीत हाच शेवटचा निकष मानला, तर या माणसांच्या बाजूने बोलायला एक शब्दही उरत नाही.

सहिष्णुता या शब्दातच सहन करणं आहे. जे मला खुपतच नाही ते मी सहन काय करणार? शेजाऱ्याचा देव, जेवण, लग्नाची पद्धत मला पटली नाही तरी त्याला त्याच्या पद्धतीने जगू देणं, ही सहिष्णुता. तिच्या मुळाशी एक ठाम मत असतं: माणसाला आपलं आयुष्य ठरवण्याचा हक्क आहे. म्हणून एखाद्या रीतीबद्दल मी आधी विचारते, नको म्हणणाऱ्याला त्यातून बाहेर पडता येतं का, आणि त्याची किंमत काय? उपास न करणाऱ्याला चार टोमणे बसत असतील तर बाहेरच्यांनी गप्प राहावं. पण पंचांना नाही म्हणणाऱ्याच्या घरातलं प्रेत अडून राहत असेल तर बोलायलाच हवं.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याआधी १९४९ चा मुंबई प्रांताचा बहिष्कारबंदी कायदा होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. धर्माच्या कारणावरून समाजाबाहेर काढणं ही त्या पंथाची धार्मिक बाब आहे, असं बहुमताने मानलं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं एकट्याचं मत वेगळं होतं. बाहेर काढलेल्या माणसाची गत अस्पृश्यासारखी होते, याकडे त्यांनी बोट दाखवलं. समाजाच्या दफनभूमीवरचा त्याचा हक्कही जातो. १९६२ चा तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. तिथे सिन्हांचं मत पुन्हा नीट वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं.